व्हर्मिफॉर्म आणि बिराजदार सर

फळ्यावर कुठलंही अवघड इंग्रजी नाव लिहिलं, की बिराजदार सर खडूची एक उभी रेघ मारून त्याचे दोन तुकडे करायचे. लातूरच्या एका शिकवणी वर्गात ते प्राणिशास्त्र शिकवायचे, मी वनस्पतिशास्त्र. "आधी नाव फोडा, मंग बेडूक फोडा," असं त्यांचं म्हणणं. समोर डॉक्टर व्हायला निघालेली खेड्यापाड्यांतली पोरं. नुसत्या नावांनीच त्यांची बोबडी वळायची.

या नादापायी सरांचे धडे मागे पडत. मलाही ते जरा हौसेचंच काम वाटे. एके दिवशी संचालकांनी त्यांना माझ्यासमोरच सुनावलं, "सर, परीक्षेत शब्दांचा उगम विचारत नाहीत. उद्यापासून हे बंद करा, न्हाईतर तुम्ही मोकळे." पंचावन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं? सर "हाव" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आंत्रपुच्छ शिकवायचं होतं. मी दारात उभा होतो. सरांनी 'व्हर्मिफॉर्म अपेंडिक्स' लिहिलं आणि रेघ न मारताच आकृती काढायला घेतली. अहमदपूरकडची एक मुलगी उठली. "सर, ह्याचं फोडून न्हाई सांगितलं तुम्ही." सरांनी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं आणि रेघ मारली.

"व्हर्मिस म्हंजी लॅटिनमधी कृमी. फॉर्म म्हंजी आकार. कृमीसारखं दिसतंय म्हणून व्हर्मिफॉर्म; किडा न्हाई हाय तो. दुधातल्या शेवया खाता न? तिकडं इटलीत त्यायला बारके किडेच म्हणतात, व्हर्मिचेल्ली. खाताना आठवू नका." वर्ग हसला. कृमी आणि व्हर्मिस मुळात एकच का, असं कुणीतरी विचारलं. "दिसतात तर भाऊ-भाऊ. पण मला पक्कं ठाऊक न्हाई, म्हणून सांगत न्हाई."

संध्याकाळी वेळापत्रकात त्यांच्या जागी माझं नाव आलं. मी निमूट तास घेतले, याची लाज अजून वाटते. पहिल्याच तासाला चपट्या कृमींचा धडा आला. मी 'प्लॅटिहेल्मिंथिस' लिहून वळलो, तर सगळी पोरं पेन उघडून थांबलेली. त्यांना नाव फोडून हवं होतं. "उद्या सांगतो," म्हणालो आणि बाहेर येऊन सरांना फोन लावला.

ते चिडतील असं वाटलं होतं. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पोरं वाट पाहून राहिलीत का?"

"हो सर."

"मंग लिहून घ्या," ते म्हणाले आणि मला उतरवून घेता येईल अशा बेतानं, एकेक अक्षर सावकाश सांगू लागले.