दिव्याचे बोलके पप्पा

अख्ख्या बमरोलीत दिव्याच्या पप्पांइतका बोलणारा माणूस सापडणार नाही, आणि त्यांना बोलायला लावण्याचं पाप माझं आहे. मी या गुजराती मुलखातल्या कामगार वस्तीत मराठी बालवाडीत शिकवते. दिव्या माझ्या वर्गात आली तेव्हा तिची आई काविळीने जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून पोरीने तोंडातून शब्द काढला नव्हता. पालकसभेला बायकांच्या घोळक्यात हे एकटेच पुरुष. पोरांच्या चिमुकल्या खुर्चीत बसले ते असे, की उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्यासोबत उठली. तशाच अवस्थेत आपल्या अहिराणीत म्हणाले, "पोर बोलस नही, बाई. घरना अभ्यास माले द्या." मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, घरी तिच्याशी बोलत राहा. जे काम कराल ते करता करता तिला सांगा. शब्द कानावर पडत राहिले की एक दिवस बोलेल.

दुसऱ्या दिवसापासून सुरू! "आते मी चप्पल काढस. आते दुसरी काढस. आते मी कणीक मळस." आणि हे सगळं खच्चून ओरडून. पंधरा वर्षं लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या खात्यात गेलेली. तिथल्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तरी घशाच्या शिरा ताणाव्या लागतात, आणि बाहेर आल्यावरही यांचा आवाज खाली उतरत नसे. जिना चढताना पायऱ्या मोजा म्हटलं, तर त्या अशा मोजत की वरच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून ओरडे, "सत्तावीसच आहेत हो, कालच्याइतक्याच!" भाजीच्या गाडीवर एकेक वांगं हातात घेऊन त्याचा रंग, देठ, काटे यांचं वर्णन चालायचं. भाजीवाला शेवटी वैतागला, "भाई, रिंगणां लेवां छे के वार्ता केवी छे?" म्हणजे, वांगी घ्यायचीत की गोष्ट सांगायचीय? रात्रपाळी करून लाल झालेल्या डोळ्यांनी पोरीला शाळेत सोडायला येत आणि दारातून मला विचारत, "बाई, मी बरोबर बोलस ना?" वर्गातली पोरं कानांवर हात ठेवत. "जरा हळू बोला," मी एकदा म्हटलं. "हां, बोलस, बोलस!" म्हणाले आणि दुप्पट आवाजात सुरू झाले. मला हसू आवरेना. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दिव्या मात्र गप्पच. वर्ष सरत आलं. उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, पतंगांच्या चिंध्या तारांवर लटकत होत्या, तेव्हाची गोष्ट. शाळा सुटली, पप्पा दारात उभे, "आते मी पिशवी उचलस, आते डबा ठेवस" चालू. त्यांच्या पायाशी बसलेली दिव्या अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आते मी चप्पल घालस."

माझ्या हातातला खडू पडला. पप्पा डबाच ठेवत होते. मी त्यांचा दंड धरून हलवला, पोरीकडे बोट दाखवलं. दिव्या पुन्हा म्हणाली. त्यांनी कान पुढे केला, मग दुसरा कान केला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बोलनी का?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, खात्यातल्या खडखडाटाने कानांचं जे गेलं ते परत यायचं नाही. ज्या माणसाला मी वर्षभर घसा फोडायला लावलं, त्याचे कान तपासायला सांगायची अक्कल मला सुचली नाही, याचा अजून स्वतःवर राग येतो. ते अजूनही खात्यातच जातात. दुसरं काय करणार?

आता सगळा रस्ता दिव्या बोलते आणि पप्पा गप्प असतात. तिचे ओठ दिसावेत म्हणून तिच्यापुढे उलटे चालतात. भाजीवाला त्यांना येताना पाहून मुकाट्याने गाडी मागे घेतो. खड्डा आला की दिव्या त्यांचा शर्ट ओढते.

परवा तिला न्यायला आले तेव्हा मला बाजूला घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "बाई, तिना आवाज तिनी मायसारखा शे का?"

तिच्या आईला मी कधी पाहिलंही नव्हतं. पोरांना खोटं बोलू नका असं रोज शिकवणारी मी, त्यांना नीट दिसेल अशी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. ते हसले, आणि दिव्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी घरी निघाले.