लोन्झूच्या हातचं पॅकिंग

पाव छातीशी धरून, सुरी स्वतःकडे ओढत कापायचे. चहा काचेच्या ग्लासात, डब्यातलं दूध घालून. फोन उचलला की बोलायचे नाहीत, समोरचा बोलेपर्यंत थांबायचे. रविवारी बूट पॉलिश करायचे आणि घरातच बसायचे. रस्त्यात कुणाच्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला की त्या घराची बेल वाजवून सांगायचे. लोकांना ते आवडत नसे.

विस्तिन कुतायार. मेलबर्नच्या पश्चिमेला, सनशाइनमध्ये, आमच्या शेजारच्या घरात एकटे राहत. मंगळवारी ते गेले. गॅरेजमध्ये त्यांना आधी मीच पाहिलं.

माझी आजी आणि ते माल्टातल्या एकाच गावचे, झेय्तुनचे. म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. ते मला पुस्तकवाली म्हणायचे.

"एवढी वर्षं गोष्टी वाचल्यास. नळ गळला तर काय करशील?"

"तुम्हाला बोलावीन."

"तेही फुकटात. शिकलीस खरी."

तरुणपणी ते बोटीनं इकडे आले. धाकटा भाऊ लोन्झू गावातच राहिला. दोघांनीही लग्न केलं नाही. दर रविवारी फोन. काका एकदाही परत गेले नाहीत. का, ते मी विचारलं होतं. "जाऊन काय करणार? बोलतोच की," म्हणाले.

गेल्या वर्षी लोन्झू वारला. मागे राहिली त्याची जुनी हिल्मन गाडी. तिथेच विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. काकांना ती इथे हवी होती.

त्या काळच्या गाड्यांत जागोजागी ॲस्बेस्टॉस असतं. ब्रेकमध्ये, क्लचमध्ये, तेल गळू नये म्हणून दोन लोखंडी भागांच्या मध्ये घालतात त्या पॅकिंगमध्ये. ऑस्ट्रेलियात ते चिमूटभरही आणता येत नाही. आधी तिकडेच सगळं काढायचं, काढल्याचे दाखले जोडायचे, मग गाडी बोटीवर. इथे उतरल्यावर शंका आली तर पुन्हा तपासणी. तिचा खर्च मालकाचा, आणि तोवर बंदरातल्या शेडचं भाडंही मालकाचंच.

"गाडीपेक्षा तिचं पोट तपासणं महाग," काका म्हणाले. "मीही जुनंच मॉडेल. आज आलो असतो तर माझ्यातलं काय काय काढलं असतं?"

"जिभेपासून सुरुवात केली असती."

ते बराच वेळ हसले.

गावच्या गॅरेजवाल्यानं नियमाप्रमाणे सगळं बदललं. फक्त इंजिनाच्या पुढच्या झाकणाखालचं पॅकिंग राहिलं. ते साध्या कागदाचं आहे, हात लावू नको, असं काकांनीच त्याला फोनवर सांगितलं होतं. मी तिथेच होते.

बंदरात नमुना घेतला गेला. कागद नव्हता तो.

लोरेन नावाची तपासनीस होती. शेडमध्ये तिनं आम्हाला पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभं केलं.

"मिस्टर कुतायार, कागद आहे असं कुणी सांगितलं?"

"मी."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

ती म्हणाली, "आता दोनच गोष्टी होऊ शकतात. आमची माणसं ते काढून नष्ट करतील. नाहीतर गाडी आहे तशी परत पाठवा."

काकांनी तेव्हा सांगितलं. मलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. ते पॅकिंग लोन्झूनं स्वतः बनवलं होतं. एका रविवारी, फोनवर बोलता बोलता. झाकणावर पॅकिंगचा ताव ठेवून गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं ठोकत जायचं, म्हणजे बरोबर आकार कापला जातो. फोन बाजूला ठेवलेला. टक टक टक, मध्येच गावातल्या कुणाची निंदा, पुन्हा टक टक. संपेपर्यंत काका ऐकत राहिले होते. भावाच्या हातची तेवढीच वस्तू त्यांनी होताना ऐकली होती.

"तुकडा तरी द्या," ते म्हणाले. "बरणीत घालून, झाकण डिंकानं बंद करून ठेवीन."

"नाही देता येत. धूळ फुप्फुसात जाते."

"आणि माणूस वीस-तीस वर्षांनी मरतो, माहीत आहे मला. ऐंशी ओलांडलीय बाई मी. त्या धुळीलाच माझ्यासाठी घाई करावी लागेल."

लोरेन हसली नाही. "तुमच्यानंतर ती बरणी कोण उघडेल? घर कोण आवरेल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे पाहण्यासारखं दुसरं कुणी नव्हतंच.

"सहीला पेन आहे का?" त्यांनी विचारलं.

पॅकिंग काढलं तेव्हा आम्हाला आत येऊ दिलं नाही. दोन पिशव्यांत गुंडाळून ते कुठेतरी पुरलं असं कळलं. कुठे, ते काकांनी विचारलं. सांगत नाहीत म्हणे.

गाडी ट्रकवरून घरी आली. पुढचं झाकण वेगळं, मागच्या सीटवर. नवं, तयार पॅकिंग टपालानं आलं. ते तसंच पाकिटात राहिलं. संध्याकाळी काका गॅरेजमध्ये जायचे, गाडीत डाव्या बाजूला बसायचे. चालवणाऱ्याची जागा मोकळी सोडून.

"बसवा ना ते," मी एकदा म्हटलं. "गाडी चालेल तरी."

"चालली की काय करायचं? जायचं कुठे?"

"चर्चला. बाजारात. मला स्टेशनवर सोडा."

"तुला स्टेशनवर," ते म्हणाले. "बघू."

सोमवारी संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमधला दिवा लागलेला दिसला. हाक मारावीशी वाटली नाही. कामात असतील म्हटलं.

मंगळवारी सकाळी मी आत गेले, तेव्हा नवं पॅकिंग पाकिटातून निघालं होतं. दोन्ही बाजूंना ग्रीसचा पातळ हात दिला होता. झाकण जागेवर होतं. बोल्ट लहानमोठे असतात, म्हणून त्यांनी एका पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्याचा त्याचा बोल्ट तिथे खोचून ठेवला होता. वरचे काही बोल्ट हातानं फिरवून बसवलेले आहेत, अजून आवळलेले नाहीत. खालचे पुठ्ठ्यातच आहेत.