आतोबांचं ‘बहुतेक’

जगात माणसांना इतक्या गोष्टींची इतकी पक्की खात्री असते, की त्याचा तोल सांभाळायलाच देवाने आमच्या आतोबांना जन्माला घातलं असावं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओलीत, आमच्या समोरच्याच घरात ते भाड्याने राहायचे, सरकारच्या आकडेवारीच्या दफ्तरात नोकरीला होते, आणि ‘नक्की’ हा शब्द त्यांना वर्ज्य होता. जेवायला येता का विचारलं, की ‘बहुतेक’ म्हणायचे, आणि पाटावर बसून पहिला घास हातात घेतल्यावर म्हणायचे, ‘आता शेकडा पंच्याण्णव.’ उरलेल्या पाचांत काय होऊ शकतं, हेही मग वरणभात निवेपर्यंत ऐकावं लागायचं. लग्नाआधी आत्याला बघून आल्यावर वडीलधाऱ्यांनी मुलगी पसंत आहे का म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, ‘शेकडा ऐंशी.’ लग्न झालं, पण राहिलेल्या विसांत आपलं नाक येतं की आवाज, हे आत्या त्यांना जन्मभर विचारत राहिली.

इंटरला गणितात मी एकदा आपटले आणि शिकवणीसाठी त्यांच्या तावडीत सापडले. पुस्तकातल्या लाल-काळ्या गोट्या त्यांना मंजूर नव्हत्या. ज्या गोट्या कुणी पाहिल्या नाहीत त्यांची कुणाला काय पडलीय, असं त्यांचं म्हणणं. ते लाडवांचा डबा पुढे ठेवायचे. पाच बेसनाचे, पाच रव्याचे. न बघता दोन काढले तर दोन्ही बेसनाचे निघण्याची शक्यता किती? पहिल्या वेळी दहात पाच. दुसऱ्या वेळी मात्र नवात चार, कारण एक बेसनाचा कमी झालेला असतो. हे दुसरं पाऊल वर्गात माझ्या कधी डोक्यात शिरलं नव्हतं. इथे शिरलं, कारण पहिला लाडू मी तोवर खाल्लेला असायचा. दोन्ही मिळून नवात दोन, असं मी तोंड पुसत सांगायची. आत्या आतून म्हणायची, मला तर दहाही वेळा हवा तोच काढता येतो, हाताला कळतं.

हाताला कळायचं, कारण डोळ्यांना कळणं कधीच संपलं होतं. मला आठवतं तेव्हापासून आत्याला दिसत नव्हतं. पण त्या घरात पाहुण्याला ते संध्याकाळपर्यंत लक्षात येत नसे. चुलीपासून मोरी नऊ पावलं, मोरीपासून तुळस सहा, जिन्याची चौथी पायरी अरुंद. सगळं घर तिला पाठ होतं. उंबऱ्याबाहेर मात्र ती दोन पावलं टाकायलाही आतोबांचा हात धरायची. ते घर हेच तिचे डोळे होते, यापेक्षा वेगळं मला सांगता येत नाही.

मला घंटेच्या आकाराची वक्ररेषा समजली ती तिच्यामुळेच. दूधवाला रोज सहाच्या सुमारास यायचा. कधी थोडा आधी, कधी थोडा उशिरा. आतोबांनी ओट्यावर मिनिटांच्या खुणा केल्या आणि रोज त्या-त्या खुणेपुढे गव्हाचा एक दाणा ठेवायला लागले. मधली रांग वाढत चालली, कडेला एखाददुसरा दाणा. तर चिमण्या यायच्या आणि नेमके कडेचे सुटे दाणे टिपून न्यायच्या. ‘अपवाद खाल्ले बघ मेल्यांनी,’ म्हणून आतोबा दिवसभर कष्टी. मग त्यांनी चिंचोके आणले. तीन महिन्यांनी आत्याने त्या रांगांच्या टोकांवरून अलगद बोटं फिरवली आणि म्हणाली, अगंबाई, ही तर देवघरातली घंटा. आतोबा तिच्याकडे बघतच राहिले. बहुतेक माणसं मधल्या रांगांत असतात, ते मला म्हणाले, त्यांच्यासाठी कायदे होतात. कडेच्या चिंचोक्यांचा विचार कुणी करत नाही.

तो काळ असा, की राज्यं कपड्यांसारखी बदलत होती. संस्थान जाऊन मध्य भारत झाला, दफ्तरातली भाषा हिंदी झाली, आणि आतोबा घरीसुद्धा शक्यतेला ‘संभावना’ म्हणायला लागले. आता भिक्षुकाला देतात त्या दक्षिणेलाही आपल्यात संभावनाच म्हणतात. एका श्राद्धाला दौलतगंजातले गुरुजी आले होते, कानाने जरा मंद. जेवताना आतोबांनी गंभीरपणे विचारलं, की गुरुजी, हा मध्य भारत टिकण्याची संभावना किती? गुरुजींना शेवटचे दोनच शब्द ऐकू गेले. ते संकोचून म्हणाले, ‘यजमानांच्या इच्छेला येईल ती.’ राज्यकारभारावर इतकं अचूक उत्तर आपण दुसरं ऐकलं नाही, असं आतोबा नंतर बाड्यावरच्या चौकात भेटेल त्याला सांगत सुटले.

यजमानांच्या इच्छेला काही वेगळंच आलं. मध्य भारत मोडला, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ. रोज कुणाचं तरी सामान स्टेशनकडे जायला लागलं. आतोबांच्या दफ्तरात बारा माणसं. जुने कागद सांभाळायला तिघं इथे राहणार, बाकीच्यांनी भोपाळला जायचं. कुणाला ठेवायचं यावर रोज भांडणं व्हायला लागली, तेव्हा चिठ्ठ्या टाकून राहणाऱ्यांची तीन नावं काढायचं ठरलं. बारांत तीन, म्हणजे चारात एक, आतोबांनी मला सांगितलं. त्या दिवशी आत्याने त्यांच्या हातावर दहीसाखर ठेवली, आणि अशा गोष्टींची आयुष्यभर टिंगल केलेल्या या माणसाने ती मुकाट्याने खाल्ली.

दुपारी ते परत आले आणि ओट्यावरच बसले. मी पाणी दिलं. पहिली चिठ्ठी दुसऱ्याची निघाली तेव्हा मनात अकरात दोन म्हटलं, ते म्हणाले, दुसरी निघाली तेव्हा दहात एक, आणि तिसरीनंतर म्हणायला काही उरलं नाही. थोड्या वेळाने खाली बघत आणखी एक गोष्ट सांगितली. चिठ्ठ्या टाकण्याआधी सगळे सहकारी त्यांच्याभोवती जमले होते आणि हेडक्लार्क म्हणाला होता, ‘पंडितजी, आपकी चिट्ठी डालेंगे ही नहीं. भाभीजी को लेकर कहाँ जाएँगे?’

‘मग?’ मी विचारलं.

‘मला बाजूला काढलं तर बाकीच्या अकरा जणांना दोनच जागा उरतात, पोरी. त्यांच्याही घरी कुणी असेल की. मी माझी चिठ्ठी माझ्या हाताने टाकली.’ मग म्हणाले, ‘आत्याला नको सांगूस. ती परेशान होईल.’

मला त्यांचा फार राग आला. अजूनही येतो. मी आत्याला मात्र कधी सांगितलं नाही.

तिला आमच्याकडे ठेवायची गोष्ट बाबांनी काढली होती. तिने ती धुडकावून लावली. निघायच्या सकाळी तांगा दारात उभा होता. आत्या चौकटीवर हात ठेवून थांबली. घरमालकाने ते घर एका व्यापाऱ्याला गोदामासाठी देऊन टाकलं होतं, हे तिच्याखेरीज आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘आपण इथे परत येऊ ना?’

मी आतोबांकडे पाहिलं. आता काहीतरी आकडा ऐकायला मिळेल म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

‘नक्की,’ आतोबा म्हणाले.

आत्याचा चेहरा एकदम सैल झाला. ती शांतपणे तांग्यात चढली.

भोपाळला मी एकदाच जाऊन आले. दोन लहान खोल्या होत्या, पण आत्या एका खुर्चीवर बसून असायची. पाण्यालासुद्धा कुणीतरी हात धरून न्यावं लागायचं. चार दिवसांत पाठ होईल की गं तुला, मी म्हटलं. ती हसली. ‘कशाला पाठ करू? इथे थोडंच राहायचंय. यांनी नक्की म्हटलंय.’ आतोबा तेव्हा खिडकीशी उभे राहून रस्ता बघत होते. सहा वर्षं ती त्या खुर्चीत बसली, आणि गेली.

ती गेल्यावर आतोबा एकदा ग्वाल्हेरला आले, एकटेच. समोरच्या गोदामाकडे पाठ करून आमच्या ओट्यावर बसले. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, ‘ते शेकडा ऐंशी मी चुकीचं सांगितलं होतं.’ निघताना मी पाया पडले आणि सवयीने विचारलं, आतोबा, परत याल ना?

‘बहुतेक,’ ते म्हणाले. शेकडा किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.