एकशे पासष्टचा मॉनिटर

धुळा शिंगाडेचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले. धुळानं मात्र कॅमेरा गळ्यात घातला आणि कवठे महांकाळच्या एसटी स्टँडमागं स्टुडिओ थाटला. लग्नाचं शूटिंग करावं आणि स्वस्तातल्या लॅपटॉपवर बसून ते एडिट करावं, हा त्याचा धंदा. लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर नवरा-नवरीची तोंडं शोधता शोधता त्याचं डोकं रोज ठणकायचं. शेवटी सांगलीला जाऊन त्यानं मोठा मॉनिटर आणला.

दुकानदार म्हणाला होता, साधा मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र ताजं करतो, हा एकशे पासष्ट वेळा, म्हणजे एकशे पासष्ट हर्ट्झ. धुळाला बाकी काही कळलं नाही, पण आकडा तोंडपाठ झाला.

मग स्टुडिओत येईल त्याला तो खुर्चीत बसवायचा, माउसचा बाण पडद्यावर इकडून तिकडं पळवायचा आणि विचारायचा, "कसा सरकतोय? लोण्यावानी का न्हाई?" पासपोर्ट फोटोला आलेल्या हरणाबाई म्हातारीलाही त्यानं सोडलं नाही. ती म्हणाली, "सरकतोय बाबा. माजा फोटू काड आता." लग्नाच्या पंगतीत लोक जिलेबी वाढत, धुळा हर्ट्झ वाढायचा.

ही कीर्ती ऐकून शिराळ्याचा पप्पू आला. तोही शूटिंगवाला, त्यालाही मॉनिटर घ्यायचा होता. धुळानं बाण पळवून दाखवला. पप्पू जरा वेळ बघत राहिला.

"धुळादा, सेटिंगात किती हाय, बगितलंय का?"

"एकशे पासष्ट. त्यात काय बगायचं?"

पप्पूनं डिस्प्लेचं सेटिंग उघडलं. तिथं साठ होतं. मॉनिटर आणला त्या दिवसापासून साठच होतं, कारण ते बदलावं लागतं हेच धुळाला ठाऊक नव्हतं.

"मग एवढं दिस मी लोकास्नी काय दावत हुतो रं?"

"बाण," पप्पू म्हणाला.

पप्पू आकडा वाढवायला गेला, तर यादी एकशे वीसलाच संपली. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधनं, म्हणजे मॉनिटरची वायर लावायच्या खाचेतनं, त्यापुढं काही निघतच नव्हतं. एकशे वीसवर बाण खरोखर मऊ सरकला. एवढे दिवस आपण ताकालाच लोणी म्हणत होतो, हे धुळाला तेव्हा उमगलं. त्यानं लगबगीनं लग्नाचा व्हिडिओ लावला. तो होता तसाच दिसला. कॅमेराच सेकंदाला पंचवीस चित्रं घेत होता, मॉनिटर जास्तीची आणणार कुठनं?

चहा घेऊन आलेली त्याची बायको रेश्मा दारातच थांबली होती. "आवं, पण तुमचं डोकं दुकायचं थांबलं, ते?"

"ते पडदा मोठा हाय म्हणून, वयनी," पप्पू म्हणाला.

धुळानं कपाळाला हात लावला. "म्हंजे खरं जे कामाला आलं, ते मी कुणाला सांगितलंच न्हाई. खुळ्यावानी आकडा गात बसलो."

"मग मी कुठला घिऊ?"

"मोठा घे गड्या. आन् मला बोलवू नको बगायला."

पप्पूचं तोंड धुळाला चांगलं माहीत होतं. गोष्ट जिल्हाभर व्हायच्या आत त्यानं पुढच्याच लग्नात, भर पंगतीत, आपली फजिती आपणच सांगून टाकली. बाण कसा पळवायचो, त्याची नक्कलही करून दाखवली. माणसं पोट धरून हसली. नवरीच्या चुलत्यानं तिथंच त्याला आपल्या पोराच्या लग्नाचं शूटिंग दिलं. फोटोला हसवणारा माणूस बरा, असं त्याचं म्हणणं पडलं.