परातीखालची रेघ

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपटलेल्या एकाही मोटारीला आमच्या आतोबांपासून काही लपवता आलं नाही. हे माझ्या आत्याचे यजमान, पण सगळी चाळच त्यांना आतोबा म्हणे. नोकरी कचेरीत नकाशे काढण्याची, जीव मात्र आग्रा रोडवर. अपघात कळला की भरल्या ताटावरून उठत आणि शिंप्याची टेप, खडू नि तपकिरीची रिकामी डबी घेऊन निघत. डबीत मडगार्डखालून गळलेली माती भरायची. धडक बसते तिथेच ती गळते, हा त्यांचा सिद्धांत. लोक एकमेकांची गचांडी धरत असताना हे उकिडवे बसून टायरच्या काळ्या रेघा मोजत. एकदा स्वतःच सायकलवरून पडले, तर उचलायला धावलेल्यांना अडवून आधी स्वतःभोवती खडू फिरवून घेतला.

मी तेव्हा पत्रकं वाटून जग बदलायला निघालो होतो. आमच्या तळमजल्यावरचा मालवणी ड्रायव्हर एका शेठची मोटार चालवी. एका सकाळी ती न्हाव्याच्या दुकानात घुसली. कुणाला खरचटलं नाही, पण शेठने हात झटकले: ड्रायव्हरच बेफाम हाकत होता. ड्रायव्हर म्हणे, ब्रेक महिनाभर बिघडलेत, शेठला सांगून थकलो. मी ताबडतोब पत्रक छापलं, 'धनिकांच्या मोटारींचा उन्मत्त वेग!' आणि शेठच्या वकिलाने कोर्टात तेच पुढे केलं. वेग होता हे ड्रायव्हरचे शेजारीच म्हणतात, मग आणखी पुरावा कशाला?

ड्रायव्हर माझ्याकडे न येता आतोबांकडे गेला. आतोबांना एवढंच म्हणाला, "लायसन गेला तर गावाक खंयच्या तोंडान जाऊ?"

आतोबांनी पत्रक दोनदा वाचलं. "भाषा झकास आहे. पण वेग कुठे मोजलास रे?"

त्यांनी मात्र अपघाताच्या सकाळीच, पुसली जाऊ नये म्हणून, रस्त्यावरच्या टायरच्या रेघेवर आत्याच्या दोन्ही पराती पालथ्या घातल्या होत्या, वर दगड ठेवले होते. पंचनामा समोरच्या हॉटेलात चहाबरोबर उरकणाऱ्या हवालदाराला हाताला धरून आणलं, रेघ दाखवली, कागदावर चढवायला लावली. घरी आत्या विचारत होती, "पराती रस्त्यावर, मग कणीक काय तुमच्या टकलावर मळू?"

पुढच्या तारखेला आतोबा नकाशा घेऊन उभे राहिले. रेघ एकच होती, डाव्या चाकाची. म्हणजे ब्रेक एकाच चाकाला लागला, त्यानेच गाडी डावीकडे ओढली. आणि वेग? "साहेब, फळी निखळली, पण न्हाव्याचा आरसा खिळ्यावरच आहे." लायसन वाचलं. शेठने नोकरीवरून काढलं, त्यावर मी पत्रक लिहिलं; या वेळी आतोबांना दाखवून.

आता त्यांची नजर गेली आहे. संध्याकाळी मी त्यांना हात धरून आग्रा रोडवर फिरवतो. टायरची खूण दिसली की माझा पाय आपोआप थांबतो, आणि त्यांना ते कळतं.

"किती लांब?"

"बरीच आहे, आतोबा."

"बरीच म्हणजे?"

मग मी त्यांच्या खिशातून टेप काढतो. एक टोक त्यांच्या हातात देतो, आणि ते ती घट्ट धरून उभे राहतात.