वरचा शेषराव, खालचा शेषराव

पडदा वर जातो. गावचा चौक, सकाळची वेळ. मधोमध लोखंडी खांब आणि त्याच्या टोकाला चार दिशांना तोंडं केलेले चार भोंगे. खाली नळ. नळापुढे हंडे, पितळी गुंड, रंगाचे रिकामे डबे आणि त्यांच्या मालकिणी. भोंग्यातून खर्जातला, कमावलेला आवाज येतो, "नमस्कार मंडळी! आज सात वाजता नळाले पाणी येईन. लाईन धरा, भांडण करू नका." नेमक्या त्याच क्षणी डाव्या विंगेतून, दातांत निंबाची काडी धरून, त्या आवाजाचा मालक प्रवेश करतो. तोंड बंद, आवाज चालू. अशी एन्ट्री मला उभ्या आयुष्यात जमली नाही.

हे आमचे शेषराव. मेडशीच्या फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव, आणि गावात शिरलं की पहिलं शेषरावांचं घर. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा दवंडीचं डफडं मोडून टाकलं. कोणाच्या हुकमावर आता हाळी द्यायची नाही म्हणाले. पण पोरगा बोलायलाच जन्मलेला. त्याने सायकल घेतली, बॅटरीवरचा भोंगा घेतला आणि डफड्याशिवाय, स्वतःच्या मर्जीने बोलू लागला. पहिली जाहिरात आमच्या नाटकाची. मी राजा, मुकुट पुठ्ठ्याचा. शेषराव गावोगाव माझं असं वर्णन करायचे की लोक धावत येऊन तिकीट काढायचे आणि मला पाहून जरा हिरमुसायचे.

पुढे नाटकं बंद पडली, आणि नळाच्या पाण्याची वर्दी द्यायचं काम शेषरावांकडे आलं. ते आधी नाल्याकाठच्या विहिरीपर्यंत सायकल हाणायचे, मोटरीचा आवाज कानाने ऐकायचे, मगच गावात येऊन तोंड उघडायचे. प्रत्येक वर्दीत नवं काहीतरी असायचं. एकदा कोणाची शेळी हरवली तर म्हणाले, "शेळी काळी हाय, एक कान पांढरा हाय, सभाव मालकिनीसारखा हाय, म्हून दुरूनच ओळखू येईन!" शेळी सापडली; मालकीण मात्र बरेच दिवस बोलत नव्हती. पण शेषराव बोलले की बाया तव्यावरची भाकर टाकून उठायच्या. माणसाची इस्टेट म्हणावी तर ती एवढीच.

मग गावात प्रगती आली.

मी यंत्राचा वैरी नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात कामं केली, आणि फोकस आला तेव्हा सगळ्यांना ढकलून त्याच्याखाली मीच उभा राहिलो होतो. आमचा सरपंच राजपाल हाही वाईट पोरगा नाही. नाल्या बांधल्या, दिवे लावले. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट 'स्मार्ट' करायचा नाद आहे. त्याने शेषरावांना ग्रामपंचायतीत बसवून, चहा पाजून, सगळ्या वर्द्या एकदाच भरून घेतल्या. पाण्याची, रेशनची, डोळ्यांच्या शिबिराची. "मामा, आता तुमाले पाय झिजवाचं काम नाई. मशीनच टायमावर बोलन."

खांबावरच्या भोंग्यांच्या उद्घाटनाला शाल-श्रीफळ झालं. राजपालचं भाषण फोनने लिहिलं, फोटो फोनने काढला, फोनवरच टाकला आणि तिथेच त्याला अंगठे मिळाले. माणसांना टाळ्यांपुरतं बोलावलं होतं.

पहिले काही दिवस शेषराव खांबाखाली उभे राहून स्वतःलाच ऐकत. घरी त्यांच्या पत्नी भागिरथाबाई म्हणाल्या, "घरात एक, खांबावर एक. म्या सैपाक मातर एकाचाच करीन."

आणि विहिरीवरची मोटर जळाली.

मोटरीला ते कळलं, विहिरीला कळलं, मशीनला कळलं नाही. "आज सात वाजता नळाले पाणी येईन." बाया थांबल्या. आठ वाजले, नऊ वाजले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मजुरी बुडालेल्या हिरीबाईने शेषरावांना दुकानापुढे गाठलं.

"काहो भाऊ, जिभेले काई हाड?"

"मी नाई बोललो, माय."

"मंग कोन बोललं? तुमचं भूत?"

"मशीन बोलली."

"मशीनले तुमचंच थोबाड भेटलं काय? एवढे दिवस तुमच्या बोलन्यावर चूल इझवून येत होतो आमी!"

शेषराव ग्रामपंचायतीत गेले. मी सोबत होतो.

"राजपाल, थे बंद कर."

"कसं करू, मामा? त्याचा पासवर्ड कंपनीच्या पोराजवळ हाय, अन् तो फोनच उचलून नाई राह्यला."

"अरे, पानी येत नाई अन् मी रोज येते म्हून सांगून राह्यलो!"

"पानी ही तांत्रिक अडचन हाय. आवाज त टायमावर येते ना? एक मिनिट तरी लेट झाला का?" राजपालच्या डोळ्यांत खरोखर अभिमान होता. "अन् मामा, वाईट नोका वाटून घेऊ, पन थो आवाज आता तुमचा नाई. ग्रामपंचायतचा हाय."

शेषराव उठले आणि घरी जाऊन सायकलीत हवा भरू लागले.

दुसऱ्या सकाळी खांबावरून "नमस्कार मंडळी!" झालं, आणि चौकाच्या कोपऱ्यातून सायकलीची घंटी वाजली. जुना भोंगा तोंडाशी धरून खालचे शेषराव सरसावले. "मंडळी, वरचा शेषराव खोटं बोलते! मी विहिरीवर जाऊन आलो. मोटर जळेल हाय."

"आज सात वाजता नळाले पाणी येईन," वरचा म्हणाला.

"नाई येत!"

"लाईन धरा."

"कायले धरता? घरी जा!"

"भांडण करू नका."

बाया हंडे बडवून हसू लागल्या. दुहेरी भूमिका मी पुष्कळ पाहिल्या, पण भर चौकात स्वतःशीच भांडणारा नट पाहिला नव्हता. वरचा एकही वाक्य विसरत नव्हता आणि खालचा प्रत्येक वेळी नवं बोलत होता. हिरीबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "चला व, आपला शेषराव हा खालचा हाय," आणि रिकामा हंडा काखेत मारून पहिली निघाली. तिच्यामागे सगळी लाईन उठली.

राजपाल धापा टाकत आला. पासवर्ड नव्हता, तेव्हा त्याने सरळ वायर ओढली. वरचे शेषराव "नमस्कार मं" वर थांबले ते थांबलेच. चौक एकदम शांत झाला, अंक संपल्यावर होतो तसा.

सरपंचाने वायर हातावर गुंडाळली. मग त्याचा चेहरा उजळला. कल्पकता त्या पोरात आहेच.

"मामा, आपन नवी रेकॉर्डिंग करू. 'पानी येऊ शकते' असं भरू. आलं तरी खरं, नाई आलं तरी खरं. कोनी तुमाले खोटं म्हननार नाई."

शेषरावांनी भोंगा सायकलीला अडकवला, राजपालच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेने म्हणाले, "असं बोलाचं असन, त तुह्या आवाजात भर, बापू. तुले सवय हाय."