खंड्या बैलाचा आयतवार

मला लिवता येत न्हाई. मी बोलतोय आन आमची कारभारीन लिवतीया. तवा ह्यात जिथं मी शाना दिसंन, तिथं समजा तिची चूक झाली.

गोष्ट लढाईच्या वक्ताची. घोडेगावच्या बाजारातनं मी एकच बैल आनला हुता, खंड्या. एका बैलानं शेती हुत न्हाई, म्हनून शेजारच्या दगडूतात्यांसंगं माजी सावड हुती. त्यांचा मोत्या, माजा खंड्या. जोडी एक, रानं दोन. तात्या आमच्या घरचं पानी पीत नव्हते. त्यांच्या घरात तशी रीत हुती, आन मला त्याचं कदी वाईट वाटलं न्हाई म्हनलं तर ते खोटं हुईल. बैलांनी मात्र एका जुवाखाली बरं जमवून घेतल्तं. घोळ येकच हुता. आमी किरिस्ताव, आयतवारी बैल जुपत न्हाई. तात्या म्हादेवाचे भगत, सोमवारी नंदी जुपत न्हाई. आठवड्याचे दोन दिस जोडी उभीच. गाव हसायचं, "ह्यांच्या बैलाला तलाठ्यापरीस जास्ती सुट्ट्या."

त्या साली पावसानं लई वाट बघायला लावली. हस्ताचा येकच पडला आन शुक्रवारी वाफसा आला. वाफसा म्हंजी रान चिखलबी न्हाई आन कोरडंबी न्हाई, बी टाकायला अगदी बराबर. काळ्या रानात तो चार दिसाचा पाव्हना. ठरल्यापरमानं आदी तात्यांचं पेरलं. शनवारी सांजंला त्यांचं उरकलं, माजं तीन एकर ऱ्हायलं. आयतवार माजा, सोमवार त्यांचा, आन मंगळवारी नुसती ढेकळं. वरीसभराची भाकर त्या तीन एकरात हुती.

तवा माज्या मनात किडा शिरला. देवानं सहा दिसात समदं केलं आन सातव्या दिशी इसावा घेतला, हे आमच्या देवळातल्या, म्हंजी चर्चातल्या, पाळकांच्या तोंडनं शंभरदा ऐकल्यालं. पर मी म्हनलं, त्याचं काम उरकलं हुतं म्हनून तो बसला. माजं कुठं उरकलंय? कारभारनीला सांगितलं, "उद्या पेरतो."

ती भाकर थापत हुती. मान वर न करता म्हनली, "पेरा. मी देवळात जानार."

"आन खाशील काय वरीसभर?"

"देव दील ते."

"न पेरता देतो व्हय देव?"

"देतो की. तुमाला मी कुठं पेरलं हुतं? तरी पदरात पडलातच."

मी उठून पेरायची पाभर काढून ठेवली.

आयतवारी झुंजुरकाच तात्यांचा मोत्या मागून आनला. तात्या म्हनले, "माजा सोमवारी उभा ऱ्हातो, आज घेऊन जा. पर तुजा बैल आयतवारी चालंल?" मी म्हनलं, "त्याला काय कळतंय!" रानात नेऊन जू ठेवलं, पाभर लावली. कासरा कमरंला, मूठ चाड्यावर, म्हंजी बी सोडायच्या वाटीवर, असं एकट्याला पेरता येतं. आन देवाचं नाव न घेता हाक मारली. मोत्या निघाला. खंड्या खाली बसला. मी दमदाटी केली, शेपूट पिरगाळली, गूळ दाखवला. गूळ त्यानं खाल्ला आन परत बसला. त्याच्या मनात काय हुतं मला ठावं न्हाई. सवय म्हना, काय म्हना. तो रवंथ करीत माज्याकडं असा बघत हुता, जसं काय पाळक त्योच हाय.

मग मला भारी इचार सुचला. बैलाचा इसावा मोडायचा न्हाई ना? ऱ्हाऊ दे. पाप माज्या मानंवर. खंड्याला सोडला आन त्याच्या जागी मीच जुवात मान घातली. घातल्यावर ध्यानात आलं, की मी जुवाखाली, मोत्या जुवाखाली, आन मागं पाभर धरायला कुनीच न्हाई. तेवढ्यात देवळाची घंटा झाली, मोत्या बुजला आन चालू लागला. मी गरागरा फिरलो, पडलो, आन त्याचा खूर माज्या पायावर. दोन बोटं मोडली. बांधावरनं देवळाला निघाल्याली मानसं थांबली. त्यातला एक म्हनला, "नवा बैल घेतलास का रं? किती दाती हाय?"

त्यांनीच उचलून घरी आनलं.

दोपारी कारभारनीनं पायाला हळद-चुना लावला. मी म्हनलं, "गेली गं आपली भाकर." आन रडलो. एवढा बाप्या मानूस. ती उठली, पुस्तक काढलं आन पहिलं पान वाचाया लागली. तात्या मोत्याला न्यायला आल्ते, ते अंगनात टेकले. उजेड झाला, आभाळ झालं, झाडपाला, मग कुठं सूर्य, मासे, पाखरं. आन दर दिसाच्या शेवटी "सांज झाली, सकाळ झाली", आन देवाला समदं चांगलं वाटलं. शेवटी सांजंला मानूस. आन दुसऱ्या दिशी सुट्टी!

मी रडता रडता थांबलो. म्हनलं, "म्हंजी आदामानं कायबी करायच्या आदीच सुट्टी?"

"तेच की," ती म्हनली. "त्याचा पहिला दिस इसाव्याचाच. काम मागनं. आदी मांडून ठेवल्यालं ताट बघायचं."

शंभरदा ऐकून मला हे दिसलं नव्हतं. मी समजत हुतो, इसावा म्हंजी राबल्याची मजुरी. पर आदामानं एक काडीबी हलवली नव्हती आन रान तयार, पानी तयार, उजेड तयार. सहा दिस म्हंजी किती तास, ह्यावर शिकल्याली मानसं भांडत्यात. भांडू द्या. मला एवढंच कळलं, की जग माज्या हातानं सुरू झालं न्हाई आन माज्या पायानं बंद बी पडनार न्हाई.

तात्या अंगनातनं म्हनले, "सूनबाई, ते परत वाच. दिसाच्या शेवटाचं. सांज आदी म्हनतीस?"

"व्हय तात्या. आदी सांज, मग सकाळ, असा एक दिस."

तात्या इचारात पडले. बोटावर कायतरी मोजलं. "तुमच्या पुस्तकानं तुमचा आयतवार दिवेलागनीला सरला. माजा सोमवार उजाडल्याबिगर लागत न्हाई. मंग मदली रात कुनाची?"

कारभारनीनं परत पानावर बोट ठेवलं.

"कुनाचीच न्हाई," तात्या उठत म्हनले. "पुनव परवा हाय. टिपूर चांदनं पडंल. बैलं दिसभर उभीच हायत. चला."

मी म्हनलं, "पर माजा पाय..."

"तुला कोन बोलावतंय? सकाळी लई राबलास. बांधावर बस."

दिवा लागला आन खंड्यापुढं जू धरलं. त्यानं आपली आपन मान घातली. तात्यांनी बैल हाकले, कारभारनीनं चाड्यावर मूठ धरली. मी बांधावर बसलो, पाय लांब करून, आदामावानी रिकामा. अंगभर चांदनं, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, ओल्या मातीचा वास, आन माज्या रानात माज्याबिगर पेरनी चालल्याली. सूर्य नसताना पहिला उजेड कसा आसंल, हे मी कुनाला इचारलं न्हाई, समोरच हुता. मला वाटलं, हे चांगलं हाय. मग आठवलं, हे कुनीतरी आदी म्हनल्यालं हाय.

रानाच्या मधोमध तात्यांनी बैल थांबवले, घाम पुसला. म्हनले, "सूनबाई, पानी."

तिनं आमचा तांब्या दिला. तात्या वरनं धार धरून प्याले, तोंड पुसलं आन बैल हाकले.

पहाटंची शुक्राची चांदनी उगवली तवा पाभरीचं शेवटचं तास पडलं. तात्यांनी उजाडायच्या आत मोत्याला सोडला, त्यांच्या सोमवारासाठी. पुढच्या आयतवारी मी लंगडत देवळात गेलो आन पाळकांना समदं सांगितलं. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडून बघितलं. मग म्हनले, "इतकी वर्सं वाचतोय मी. ती रात मला कदी दिसली न्हाई."

जोंधळा चांगला आला. कमी आला आसता तरी मी हेच सांगितलं आसतं, आसं म्हनायचं मनात हाय. पर खरं सांगायचं तर मला माजा भरवसा न्हाई. भरवसा त्याचाच, ज्यानं बैलाला माज्यापरीस जास्ती अक्कल दिली, आन शेजारी दिला, आन ही बाई.

पाय अजून पावसाळ्यात ठनकतो. आता दिवेलागन झाली की मी म्हनतो, चला, उद्याचा दिस सुरू झाला. आन आडवा हुतो. कारभारीन म्हनती, "आवो, काम हायत." मी म्हनतो, करतोय की. दिसाचं पहिलं काम हेच हाय.